बारा बरोबऱ्या आणि एक पेनल्टी

१४ मे १९९४, शनिवार. स्पॅनिश फुटबॉल लीगचा शेवटचा दिवस. गुणतक्त्यात देपोर्तिवो ला कोरुन्या ५५ गुणांवर, बार्सिलोना ५४वर. दोघांचा एकेक सामना उरलेला, दोघांचाही घरच्या मैदानावर आणि एकाच वेळी. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत, बरोबरीला एक. देपोर्तिवोने व्हॅलेन्सियाला हरवले की लीग त्यांची, मग बार्सिलोनाचे काहीही होवो. पण देपोर्तिवोची बरोबरी झाली आणि बार्सिलोनाने सेव्हियाला हरवले, तर दोघे ५६वर येणार आणि आपसातल्या दोन सामन्यांचा हिशेब काढावा लागणार. देपोर्तिवोने आपल्या रिआसोर मैदानावर बार्सिलोनाला १-० असे हरवले होते, तर बार्सिलोनाने काम्प नोऊवर ३-० असे उट्टे काढले होते. म्हणजे बरोबरी देपोर्तिवोला पुरणारी नव्हती.

सामन्याचे शेवटचे मिनिट चालू असताना, ०-० अशा अवस्थेत, देपोर्तिवोला पेनल्टी मिळाली. मिरोस्लाव्ह जुकिच नावाच्या सर्बियन बचावपटूने ती मारली. व्हॅलेन्सियाच्या गोलरक्षकाने ती अडवली. लीग बार्सिलोनाला गेली.

ही गोष्ट गेली तीस वर्षे जुकिचची गोष्ट म्हणून सांगितली जाते. स्पेनमध्ये त्याचे नाव घेतले की लोकांना आधी तो फटका आठवतो. मला हे मान्य नाही. ३८ सामन्यांची लीग एका फटक्यात हातची जात नसते. ती सप्टेंबरपासून मेपर्यंत थोडी थोडी निसटत येते, आणि शेवटी जो माणूस चेंडूजवळ उभा असतो त्याच्या नावावर जमा होते. त्या मोसमातले देपोर्तिवोचे आकडे नीट पाहिले, तर लीग कुठे निसटली ते स्पष्ट दिसते. पण त्याआधी हा क्लब आणि त्याचे शहर यांच्याविषयी सांगायला हवे. त्याशिवाय त्या रात्री काय पणाला लागले होते ते कळणार नाही.

ला कोरुन्या हे स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसिया प्रांतात, अटलांटिकच्या काठावर वसलेले बंदर. लोकसंख्या अडीच लाखांच्या आतबाहेर. रोमन काळात बांधलेले आणि आजही चालू असलेले दीपगृह ही या शहराची खूण. पश्चिमेला जी किनारपट्टी सुरू होते, तिला तिथले लोक मृत्यूचा किनारा म्हणतात, इतकी जहाजे तिथे फुटली आहेत. गालिसियात पाऊस भरपूर, जमिनीचे तुकडे लहान, समुद्र हाताशी. म्हणून इथली माणसे पिढ्यान् पिढ्या पोटासाठी बाहेर पडली: ब्यूनोस आयरेसला, हवानाला, नंतर स्वित्झर्लंड-जर्मनीला. कोकणातल्या घराघरातून मुंबईला गेलेला चाकरमानी आणि त्याच्या मनीऑर्डरीवर चाललेले घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गालिसिया वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. माद्रिदच्या वर्तमानपत्रांत या प्रांताची बातमी यायची ती बहुधा वादळाची, जहाज बुडाल्याची किंवा माणसे गेल्याची.

फुटबॉलमध्येही तेच. देपोर्तिवो हा १९०६मध्ये स्थापन झालेला क्लब. १९४९-५०मध्ये तो लीगमध्ये दुसरा आला होता, आत्लेतिको माद्रिदपेक्षा फक्त एका गुणाने मागे. त्यानंतर हळूहळू उतरण. १९७३मध्ये तो पहिल्या श्रेणीतून खाली गेला आणि अठरा वर्षे वर आला नाही. मध्ये काही काळ तिसऱ्या पायरीवरही खेळला. १९८८मध्ये पुन्हा तिथे घसरण्याची वेळ आली होती. शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या क्षणाच्या गोलने तो वाचला. त्याच वर्षी ऑगुस्तो सेसार लेन्दोइरो हा राजकारणातला माणूस अध्यक्ष झाला. क्लब कर्जात होता, मैदान रिकामे होते.

तीन वर्षांत देपोर्तिवो पहिल्या श्रेणीत परतला. जून १९९१मध्ये मुर्सियाविरुद्धच्या ज्या सामन्यात ही बढती मिळाली, त्या दिवशी रिआसोरच्या छपराला आग लागली होती. ती विझवून सामना खेळवला गेला आणि देपोर्तिवोने तो २-० असा जिंकला. पुढच्याच मोसमात पुन्हा खाली जाण्याची पाळी आली. बेतिसविरुद्धच्या जादा लढतीत क्लब कसाबसा वाचला. आणि १९९२च्या उन्हाळ्यात लेन्दोइरोने असे दोन सौदे केले की सगळा स्पेन चकित झाला. ब्राझीलहून बेबेतो आणि माउरो सिल्वा, एक अव्वल आघाडीपटू आणि एक अव्वल मधल्या फळीचा खेळाडू, या पावसाळी बंदरात राहायला आले. त्यांच्याभोवती लेन्दोइरोने मोठ्या क्लबांना नकोसे झालेले खेळाडू गोळा केले. लोपेझ रेकार्ते बार्सिलोनाकडून आला, अल्दाना रिअल माद्रिदकडून, वोरो व्हॅलेन्सियाकडून, दोनातो आत्लेतिकोकडून. फ्रान मात्र तिथलाच, गालिसियाच्या किनाऱ्यावरच्या गावातला पोरगा, डाव्या पायाचा कसबी. जुकिच १९९०पासूनच क्लबात होता, क्लब दुसऱ्या श्रेणीत असताना आलेला.

प्रशिक्षक होता आर्सेनियो इग्लेसियास. जन्म १९३०, शहराजवळच्या आर्तेशो गावचा. (हे गाव आज जगाला ठाऊक आहे ते वेगळ्याच कारणाने. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये ज्या ‘झारा’ची दुकाने दिसतात, त्या कंपनीचे मुख्यालय तिथे आहे.) तरुणपणी आर्सेनियो देपोर्तिवोकडूनच खेळला होता आणि क्लब अडचणीत आला की त्यालाच बोलावणे जाई. केस पांढरे, बोलणे हळू, शेतकऱ्यासारखी जपून शब्द टाकण्याची सवय. गावचे लोक त्याला आर्तेशोचा कोल्हा म्हणत, प्रेमाने. विजयाच्या आधी जल्लोषाचे बेत करणाऱ्यांना तो सतत सावध करायचा, कारण हातातोंडाशी आलेला घास जाताना त्याने आयुष्यात पुष्कळदा पाहिला होता. त्याची फुटबॉलची समजही तशीच होती. आधी घर राखायचे, दार लावून घ्यायचे, आणि मग बेबेतोला चेंडू पोचवायचा. १९९२-९३मध्ये या रीतीने देपोर्तिवो तिसरा आला आणि बेबेतो २९ गोल करून लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. वर्तमानपत्रांनी संघाला ‘सुपर देपोर’ हे नाव दिले.

१९९३-९४ला हे दार आणखी घट्ट बंद झाले. त्या मोसमातल्या ३८ सामन्यांत देपोर्तिवोवर एकूण अठरा गोल झाले. फक्त अठरा. गोलरक्षक फ्रान्सिस्को लियान्योने २६ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. ३८ सामन्यांत अठरा गोल हा आकडा पुढे २०१५-१६मध्ये आत्लेतिकोच्या यान ओब्लाकने गाठला, ओलांडला नाही. लियान्योच्या पुढे जुकिच, वोरो, रिबेरा ही भिंत होती आणि त्या भिंतीच्याही पुढे माउरो सिल्वा. जुकिच धसमुसळ्या बचावपटूंपैकी नव्हता. चेंडू पायात घेऊन मान वर करून खेळणारा, चूक क्वचित करणारा, संघाच्या ज्या भागाने हा पराक्रम केला त्याचा कणा. हे इथेच नोंदवून ठेवतो, कारण त्या रात्रीनंतर हे कोणी आठवत नाही.

समोर बार्सिलोना. योहान क्रायुफचा बार्सिलोना, सलग तीन लीग जिंकलेला, १९९२चा युरोपियन विजेता. त्या उन्हाळ्यात क्रायुफने रोमारियोला आणले. आधीच कोमान, लाउड्रप आणि स्टॉइचकोव्ह होते. नियमाप्रमाणे एका वेळी तीनच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत, त्यामुळे दर आठवड्याला एका थोर खेळाडूला बाहेर बसावे लागे. रोमारियोने त्या लीगमध्ये ३० गोल केले. ८ जानेवारी १९९४ला रिअल माद्रिदचा ५-० असा धुव्वा उडवला, त्यातले तीन त्याचे. पहिला गोल करताना माद्रिदचा बचावपटू अल्कोर्ता याला पाठीवर घेऊन त्याने चेंडूसकट जी गिरकी मारली, ती स्पेनमध्ये आजही लहान मुले करून पाहतात.

पण हा संघ जितका जिंकायचा तितकाच उधळायचा. फेब्रुवारीत सारागोसाने त्यांचा ६-३ असा पराभव केला. क्रायुफला याची फारशी पर्वा नव्हती. आपण एक गोल जास्त करायचा, बाकी समोरच्याने बघावे, ही त्याची धारणा. मोसमाअखेर बार्सिलोना सात सामने हरलेला होता. देपोर्तिवो फक्त चार.

आणि तरीही दोघे ५६ गुणांवर. हे कसे झाले? उत्तर तक्त्याच्या मधल्या रकान्यात आहे. बार्सिलोना: २५ विजय, ६ बरोबऱ्या, ७ पराभव. देपोर्तिवो: २२ विजय, १२ बरोबऱ्या, ४ पराभव. बार्सिलोनाचे गोल ९१, देपोर्तिवोचे ५४. देपोर्तिवोवर जितके गोल झाले, त्याच्या दुपटीहून जास्त बार्सिलोनावर झाले, बेचाळीस. तरी फरक पडला नाही, कारण बार्सिलोना हरायचा तेव्हा हरायचा, पण जे सामने ०-० वर सुटतात ते तो जिंकून जायचा. जे संघ रिआसोरला येऊन आपल्या गोलासमोर दहा माणसे उभी करीत, त्यांना उघडण्याची किल्ली देपोर्तिवोजवळ दरवेळी नसे. बेबेतोला दोघे-तिघे घेरत, चेंडू फिरत राही आणि वेळ संपे.

सगळा हिवाळा देपोर्तिवो तक्त्यात पुढे होता आणि अंतर चांगले होते. सारागोसाच्या त्या मारानंतर बार्सिलोना लीगमध्ये पुन्हा हरला नाही. वसंत ऋतूत एकीकडे विजयामागून विजय आणि दुसरीकडे देपोर्तिवोचे जपून जपून एकेक गुण वेचणे. अंतर कमी होत होत एका गुणावर आले. तीन गुणांची आजची पद्धत स्पेनमध्ये १९९५-९६पासून आली. ती त्या वर्षी असती तर शेवटच्या सकाळी देपोर्तिवो ७७ आणि बार्सिलोना ७८ असा तक्ता दिसला असता. म्हणजे जुकिचने चेंडूला पाय लावण्याआधीच बार्सिलोना पुढे असता. जुन्या पद्धतीने सावधपणाला जास्त किंमत दिली आणि तिच्यामुळेच आर्सेनियोचा संघ त्या दिवसापर्यंत पहिला राहिला. याचा अर्थ आर्सेनियो चुकला असे मी म्हणणार नाही. त्याच्याजवळ जे होते त्यातून त्याने जे उभे केले ते दुसऱ्या कोणालाही जमले नसते. पण लीग जिथे निसटली ती जागा हीच: त्या बारा बरोबऱ्या.

आणखी एक गोष्ट शहराच्या मनावर होती. त्याआधीची दोन वर्षे बार्सिलोनाने लीग अगदी अशीच जिंकली होती. ७ जून १९९२: रिअल माद्रिद एका गुणाने पुढे, शेवटचा सामना कॅनरी बेटांवरच्या तेनेरीफेशी. माद्रिद २-० असा पुढे होता आणि ३-२ असा हरला. लीग बार्सिलोनाला. २० जून १९९३: पुन्हा रिअल माद्रिद एका गुणाने पुढे, पुन्हा शेवटचा सामना तेनेरीफेला, पुन्हा पराभव, या खेपेस २-०. लीग बार्सिलोनाला. दोन्ही वेळा तेनेरीफेचा प्रशिक्षक होता होर्खे वाल्दानो, स्वतः माद्रिदचा जुना खेळाडू. त्यामुळे १९९४च्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी एका गुणाने पुढे असणे म्हणजे काय, हे स्पेनमधल्या पोरासोरांनाही माहीत होते. आघाडीवर असलेल्याचे पाय जड होतात, मागून येणाऱ्याचे हलके.

त्या संध्याकाळी ला कोरुन्या निळ्या-पांढऱ्या रंगात न्हाले होते. रिआसोर मैदान समुद्राला लागून आहे, मध्ये फक्त रस्ता आणि पुळण. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि बऱ्याच जणांच्या कानाला ट्रान्झिस्टर होता. स्पेनमध्ये तेव्हा लीगचा दिवस रेडिओवर ऐकला जाई. एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर उड्या मारणारे समालोचन हा तिथल्या कुटुंबांचा सुटीचा आवाज होता. आपल्या डोळ्यांसमोर एक सामना आणि कानात हजार किलोमीटरवरचा दुसरा, अशा अवस्थेत ते हजारो लोक बसले होते.

आधी कानातून चांगली बातमी आली. काम्प नोऊवर सेव्हियाने आघाडी घेतली. स्टॉइचकोव्हने बरोबरी केली, तर शुकेरने सेव्हियाला पुन्हा पुढे नेले. मध्यंतराला बार्सिलोना १-२ असा मागे होता. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत, रिआसोरवर ०-० असतानाही, देपोर्तिवो लीगविजेता होता.

उत्तरार्धात ती बातमी उलटली. स्टॉइचकोव्हचा दुसरा, मग रोमारियो, मग लाउड्रप, मग बाकेरो. बार्सिलोना ५-२. आता देपोर्तिवोला गोल हवाच होता, आणि नेमके तेच त्यांना वर्षभर अवघड गेलेले काम होते. व्हॅलेन्सियाला त्या सामन्यातून तक्त्यात काही मिळायचे नव्हते, तरी ते जिवावर उदार होऊन बचाव करत होते. बाहेरून कोणीतरी त्यांना त्यासाठी पैसे देऊ केले होते, ही चर्चा त्या रात्रीपासून आजतागायत स्पेनमध्ये चालू आहे. मला ती बिनमहत्त्वाची वाटते. समोरच्या संघाने मनापासून खेळणे ही तक्रार होऊ शकत नाही. ज्याला लीग जिंकायची आहे त्याला मनापासून खेळणाऱ्यांनाही हरवता यायला हवे.

नव्वदावे मिनिट. देपोर्तिवोचा नांदो पेनल्टी क्षेत्रात घुसला आणि व्हॅलेन्सियाच्या सेरेरने त्याला पाडले. पंच लोपेझ निएतो यांनी पेनल्टी दिली. मैदान उभे राहिले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले, गोल झाल्यासारखे.

पण मारणार कोण? एरवी पेनल्टी मारायचा दोनातो, आणि त्याला आधीच बदली करून बाहेर घेतले होते. बेबेतोच्या काही पेनल्टी त्याआधी हुकल्या होत्या. तो पुढे आला नाही. मैदानात अकरा जण होते, त्यातले कित्येक जुकिचपेक्षा नावाजलेले, काही त्या प्रांतातले, काही ब्राझीलकडून खेळणारे. चेंडू घेतला जुकिचने. शाबाच गावातला, अठ्ठावीस वर्षांचा माणूस. त्याच्या देशात युद्ध चालू होते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाला १९९२ची युरोपियन स्पर्धा आणि १९९४चा वर्ल्ड कप दोन्ही बंद होते. ऐन उमेदीच्या वर्षांत त्याला देशाचा सदरा मिळणार नव्हता. जे काही मोठे जिंकायचे ते इथेच, याच क्लबाकडून.

त्या क्षणांचे चित्रण आजही पाहता येते. जुकिच कमरेवर हात ठेवून उभा आहे. गाल फुगवून मोठा श्वास सोडतो. तो श्वास पाहिला की पुढचे कळून चुकते. धाव छोटी, फटका खालून, त्यात ना जोर ना कोपरा. व्हॅलेन्सियाचा होसे लुइस गोन्सालेस, एरवी राखीव असणारा गोलरक्षक, नेमका त्या बाजूला पडला आणि चेंडू त्याच्याकडे आला. उठून त्याने दोन्ही मुठी आवळल्या. जुकिच खाली बसला.

शिट्टी झाली. ०-०. दोन्ही संघ ५६. काम्प नोऊवर रेडिओ ऐकत थांबलेली गर्दी उसळली. रिआसोरवर माणसे बसल्या जागेवरून हलेनात.

दहा जण मागे सरले तेव्हा जो एक जण पुढे झाला, त्याच्या माथी अपयश मारायचे, हा न्याय मला कधीही पटलेला नाही. ज्यांनी पेनल्टी मारलीच नाही त्यांची कोणतीही पेनल्टी हुकली नाही, एवढेच. ला कोरुन्याच्या लोकांनी मात्र जुकिचला झिडकारले नाही, ही त्या शहराची थोरवी. तो आणखी तीन मोसम त्याच क्लबात, त्याच मैदानावर खेळला.

त्या उन्हाळ्यातला पुढचा भागही सांगण्यासारखा आहे. चारच दिवसांनी, १८ मेला, अथेन्समध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात एसी मिलानने बार्सिलोनाला ४-० असे झोपवले. क्रायुफच्या संघाचा तो शेवट ठरला. गोलरक्षक सुबिसारेताला क्लबाने सोडून दिले, तो व्हॅलेन्सियाला गेला आणि त्यामुळे रिआसोरचा नायक गोन्सालेस पुन्हा मागे पडला. अथेन्सच्या सामन्यातून वगळला गेलेला लाउड्रप रिअल माद्रिदला गेला आणि पुढच्या जानेवारीत माद्रिदने बार्सिलोनाला तेच ५-० परत केले.

आणि जुलैत अमेरिकेत वर्ल्ड कप. त्या लीगमध्ये एकमेकांविरुद्ध झगडलेले रोमारियो आणि बेबेतो ब्राझीलच्या आघाडीला खांद्याला खांदा लावून खेळले, मागे माउरो सिल्वा. आपल्याकडे महाराष्ट्रात आणि विशेषतः ब्राझीलवर जीव टाकणाऱ्या गोव्यात, रात्री एक वाजता सुरू झालेला तो अंतिम सामना जागून पाहिलेले लोक आज पन्नाशीत असतील. पेनल्टींवर निकाल लागला. ब्राझीलची पाचवी पेनल्टी बेबेतोची असणार होती असे सांगतात. ती मारण्याची वेळ आली नाही, कारण त्याआधीच इटलीच्या रोबेर्तो बाजोचा फटका दांडीवरून गेला. दोन महिन्यांत फुटबॉलने दोन पेनल्टी दोन माणसांच्या नावावर कायमच्या लिहून ठेवल्या, आणि दोघेही आपापल्या संघाला तिथवर आणणाऱ्यांपैकी होते.

पुढच्या मोसमात देपोर्तिवो पुन्हा दुसरा आला, या वेळी रिअल माद्रिदच्या मागे. पण २४ जून १९९५ला कोपा देल रे या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात समोर कोण उभे राहावे? व्हॅलेन्सिया. माद्रिदच्या बेर्नाबेउवर सामना १-१ असताना, ७९व्या मिनिटाला, अशा गारा कोसळल्या की मैदानाचे तळे झाले आणि खेळ थांबवावा लागला. तीन दिवसांनी उरलेली अकरा मिनिटे खेळवण्यात आली. पुन्हा सुरुवात होते न होते तोच देपोर्तिवोच्या आल्फ्रेदोने डोक्याने चेंडू सुबिसारेताच्या मागे घातला. २-१. देपोर्तिवोचा पहिला मोठा करंडक. आर्सेनियोने त्या सामन्यानंतर क्लबाचा निरोप घेतला, पासष्टीच्या उंबरठ्यावर.

लीग यायला आणखी पाच वर्षे लागली. १९ मे २००० रोजी देपोर्तिवो पुन्हा रिआसोरवर, पुन्हा शेवटच्या दिवशी, पुन्हा आघाडीवर. समोर एस्पान्योल. प्रशिक्षक आता खाविएर इरुरेता. ज्यांनी १९९४ पाहिले होते त्यांच्या पोटात काय झाले असेल याची कल्पना करता येते. पण तिसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवर डोके लावून गोल केला तो दोनातोने, सदतीस वर्षांच्या दोनातोने, सहा वर्षांपूर्वी ती पेनल्टी मारायला जो मैदानात नव्हता. दुसरा गोल रॉय माकायचा. २-०. माउरो सिल्वा आणि फ्रानही संघात होतेच. शहरातल्या कुआत्रो कामिनोसच्या कारंज्यात लोक कपड्यांसकट उतरले.

आता या दोन मोसमांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. १९९४मध्ये देपोर्तिवो चार सामने हरला आणि त्याला लीग मिळाली नाही. २०००मध्ये तो अकरा सामने हरला आणि लीगविजेता झाला: २१ विजय, ११ पराभव, बरोबऱ्या फक्त सहा. ६९ गुण, बार्सिलोना आणि व्हॅलेन्सियापेक्षा पाच जास्त. ३८ सामन्यांच्या आणि तीन गुणांच्या पद्धतीत इतक्या कमी गुणांवर स्पेनमध्ये दुसऱ्या कोणी लीग जिंकलेली नाही. त्यांच्यावर त्या वर्षी ४४ गोल झाले, लियान्योच्या अठराच्या जवळजवळ अडीच पट. १९९४चा संघ जास्त चांगला होता असे माझे ठाम मत आहे. पण २०००चा संघ पराभवाला कमी भीत होता.

जुकिच २०००च्या त्या रात्री व्हॅलेन्सियाचा खेळाडू होता. १९९७मध्ये तो ज्या क्लबात गेला तो हाच, ज्याच्या गोलरक्षकाने त्याला अडवले होते. २००१-०२मध्ये त्याने व्हॅलेन्सियाबरोबर स्पेनची लीग जिंकली, छत्तिसाव्या वर्षी. दुसऱ्या स्थानावर कोण होते ते पाहावे का? देपोर्तिवो.

२००४ला देपोर्तिवोने चॅम्पियन्स लीगमध्ये मिलानकडून ४-१ असा मार खाल्ल्यावर रिआसोरवर ४-० अशी परतफेड केली आणि उपांत्य फेरी गाठली. तो कळस. त्यानंतर पैशाने गळा धरला. स्पेनमध्ये टीव्हीचे हक्क २०१५पर्यंत प्रत्येक क्लब स्वतंत्र विकत असे, त्यामुळे माद्रिद-बार्सिलोना या दोघांचे आणि इतरांचे उत्पन्न यांत दरी पडत गेली. लेन्दोइरोने त्या दोघांच्या तोडीचा संघ उधारीवर पोसला. २०११ला क्लब खाली गेला, वर आला, २०१३ला पुन्हा गेला. त्याच वर्षी जानेवारीत त्याने दिवाळखोरीसाठी अर्ज केला तेव्हा कर्ज १५ कोटी युरोंहून अधिक होते. २०२०मध्ये देपोर्तिवो थेट तिसऱ्या पायरीवर घसरला, एके काळचा लीगविजेता. लोकांनी मात्र मैदान सोडले नाही. तिसऱ्या पायरीवरच्या सामन्यांनाही रिआसोरवर वीस हजारांहून जास्त प्रेक्षक येऊन बसत होते.

जानेवारी २०२३मध्ये शहराचाच मुलगा लुकास पेरेझ पहिल्या श्रेणीतल्या कादिसला सोडून त्या तिसऱ्या पायरीवर आला. करारातून सुटण्यासाठीच्या रकमेतले जवळजवळ पाच लाख युरो त्याने स्वतःच्या खिशातून भरले. त्याच वर्षी ५ मेला आर्सेनियो इग्लेसियास गेला, ब्याण्णव वर्षांचा होऊन. १२ मे २०२४ला रिआसोरवर एक गोल बढतीसाठी पुरेसा होता आणि समोर होता बार्सिलोनाचा दुसरा संघ. लुकास पेरेझने फ्री किकवर तो गोल केला. १-०. देपोर्तिवो दुसऱ्या श्रेणीत परतला.

स्पेनची लीग १९२९मध्ये सुरू झाली. तेव्हापासून ती जिंकणारे क्लब नऊच: रिअल माद्रिद, बार्सिलोना, आत्लेतिको माद्रिद, आथलेतिक बिल्बाओ, व्हॅलेन्सिया, रेआल सोसिएदाद, सेव्हिया, बेतिस आणि देपोर्तिवो. देपोर्तिवोचे नाव त्या यादीत सर्वांत शेवटी आले, आणि २०००नंतर तिच्यात एकाही नव्या नावाची भर पडलेली नाही.